सरकारी हौदातले डास

लातूर जिल्हा झाला आणि आमच्या गल्लीसमोर साहेब लोकांच्या क्वार्टरांचं काम निघालं. दुष्काळ होता. नळाला आठ-आठ दिवस पाणी नसायचं, पण बांधकामावर मारायला टँकर रोज यायचा. तिथला मोठा हौद उघडाच असायचा. सांडलेल्या पाण्यात डुकरं लोळायची आणि दिवेलागणीला गल्ली डासांनी नुसती भरून जायची. भिंतीला पाणी अन् माणसाला ठणठणगोपाळ, असला कारभार.

आम्ही रांजणाला जुन्या धोतराचं दुहेरी फडकं बांधून पाणी जपायचो. एक दिवस मलेरिया खात्याचे दोघे आले. "कोरडा दिवस पाळायचा बाई, भांडी रिकामी करा," म्हणत त्यांनी रांजण अंगणात पालथा केला. आत एक अळी नव्हती. मी हौदाकडं बोट दाखवलं, तर म्हणाले, "ते सरकारी काम हाय. ते आमच्याकडं न्हाई." माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

महिना सरायच्या आत माझ्या सहा वर्षांच्या लेकीला ताप भरला. दुसऱ्या दिवशी झटके आले, डोळे वर गेले. सासूबाईंनी कांदा हुंगवला, शेजारच्या खालांनी रिक्षा आणली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, मेंदूज्वर वाटतो, पाठीतलं पाणी तपासावं लागेल. सासूबाई आडव्या आल्या. "पाठीतलं पाणी काढलं की पोर लुळी व्हती गं. न्हाई काढू द्यायचं." रडत होत्या बिचाऱ्या. त्यांना कधी कुणी समजावलंच नव्हतं. मीच हो म्हणाले.

डॉक्टरांनी विचारलं, "घराजवळ डुकरं आहेत का? साचलेलं पाणी?" डुकरातला विषाणू डास माणसात आणतो म्हणे. त्यावर औषध नाही. झटके थांबवायचे, ताप उतरवायचा आणि वाट बघायची. मी हौदाचं सांगितलं, तर ते मान खाली घालून लिहीत राहिले.

नमुना तपासायला पुण्याला गेला. अहवाल आला, डासांचाच मेंदूज्वर. मग कुठं फवारणीची गाडी आली. मला वाटलं, आमच्यासाठी आली. तर त्यातला एक म्हणाला, "साहेब लोक राहायला येणार हाईत."

लेक वाचली, पण उठली नाही, बोलली नाही. घास अजून मीच भरवते. हौदाचं नाव कुणी घेतलं नाही, ना खात्यानं, ना गल्लीनं. सगळ्यांच्या तोंडी एकच, की पाठीतल्या सुईनं पोर गेली कामातनं. पुढं कोपऱ्यावरच्या पोरीला तसाच ताप आला, तेव्हा तिची आई माझ्या लेकीकडं बघून गेली आणि दवाखान्यात पाठीतलं पाणी काढायला न्हाई म्हणाली.