पहिल्या पाच मीटरची वेळ

लातूरच्या गंजगोलाईत जिलानी घड्याळवाल्याचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक टेबल, एक खुर्ची आणि डोळ्याला लावायचं भिंग. काम बापाकडून शिकलेलं. पन्नाशी आली तरी त्यानं कबड्डीचा एकही सामना पाहिला नव्हता.

१९८२ साली लातूर वेगळा जिल्हा झाला. तोवर इथले खेळाडू निवडीसाठी उस्मानाबादला जायचे. आता जिल्ह्याचा पहिला संघ निवडायचा होता आणि निवडणाऱ्या निवृत्ती सरांचं स्टॉपवॉच नेमकं अडकलं होतं. जिलानीनं ते दोन दिवसांत चालू केलं.

"जिलानीभाई, वेळ धरायला मैदानावर तुम्हीच या," सर म्हणाले. "माझ्या हातावर कुणाचा भरवसा न्हाई. मागच्या बारीला नुसती भांडणं झाली."

पावसानं दगा दिलेलं वर्ष. मैदानावर शिंपडायला पाणी नव्हतं, पाय आपटला की जमीन वाजायची. सरांनी एकेकाला शंभर मीटर पळवलं. रेणापूरचा केरबा अंगानं जाड. त्याचं काम कोपऱ्यात उभं राहून चढाईवाल्याचा पाय धरायचं. त्याची वेळ सगळ्यांत वाईट निघाली. सरांनी त्याच्या नावावर काट मारली.

जिलानीच्या मनातून मात्र केरबाचं सुटणं जाईना. पहिली चार पावलं काय झटकन पडली होती!

"सर, तुमचं कबड्डीचं मैदान किती लांब असतंय?"

"साडेबारा मीटर."

"अन् एका दमात पळावं किती लागतंय?"

"कोपऱ्यातल्याला तीन-चार. चढाईवाल्याला माघारी येताना पाच-सहा."

"मंग आपण शंभर कशाला मोजायलोय?"

सरांनी खिशातला कागद काढून दाखवला. वरून आलेल्या त्या कागदावर शंभर लिहिलं होतं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिलानी दुकान बंद ठेवून आला. चुन्यानं पाच मीटरवर रेघ मारली. शिट्टी नको म्हणाला. पाऊल उचललं की घड्याळ सुरू. इतक्या थोड्या वेळात आपला अंगठाही चुकणार, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून प्रत्येकाला सात वेळा पळवलं आणि मधली वेळ धरली. केरबा सगळ्यांत पुढं निघाला. शंभर मीटरला पहिले आलेले दोघं पार मागं गेले.

"चाचा, खरं का?" केरबानं विचारलं.

"घड्याळ म्हणतंय," जिलानी म्हणाला.

सरांनी कागद पुन्हा लिहिला. केरबाला डावा कोपरा मिळाला.

नांदेडच्या स्पर्धेत लातूरचा संघ दुसऱ्याच सामन्यात हरला. केरबानं मात्र सहा गडी धरले. जिलानी पहिल्यांदाच सामना बघत होता, पण त्याची नजर मधे खेळणाऱ्या बसवंतवर खिळली. बसवंत शंभरलाही मागं होता, पाचलाही. सरांनी जुना खेळाडू म्हणून घेतलेला. आणि त्यानं आठ धरले होते.

जिलानीनं त्याला गाठलं. "तू तर कुठंच जोरात पळत न्हाईस. मंग पोचतोस कसा?"

"मी पळतच न्हाई, चाचा," बसवंत पाणी पीत म्हणाला. "चढाईवाल्याचा खांदा बघतो. तो येनार तिथं आधीच जाऊन उभा राहतो."

परतीच्या एसटीत जिलानी सरांशेजारी बसला. मग म्हणाला, "सर, चढाईवाल्याचा खांदा हलला की घड्याळ सुरू करायचं, धरणाऱ्यानं पाऊल उचललं की बंद. जमंल का आपल्याला?"