मावशीने बाईंना चालवून दाखवलं

मावशी म्हणजे कुणाची सख्खी मावशी नव्हे हो. घरोघरी जाऊन आजारी माणसांचं सगळं करणारी. एजन्सीच्या कागदावर तिचा भलामोठा हुद्दा आहे, पण घरात शिरली की दुसऱ्या दिवशी ती मावशीच होते. अंगाने भरलेली, तोंडाने त्याहून भरलेली. शेजारच्या सासूसुनेचं भांडण रंगवून सांगता सांगता पेशंटला कुशीवर वळवून, पाठ पुसून, पावडर लावून मोकळी.

दोन वर्षं ती एका निवृत्त मुख्याध्यापिकेकडे होती. बाईंची उजवी बाजू झटक्याने लुळी पडलेली. दिवसाचे आठ तास मावशी, बाकी वेळ एकुलता एक नोकरदार मुलगा. हे आठ तास सरकारी योजनेतले. वर्षातून एकदा तपासनीस घरी येऊन ते चालू ठेवायचे की कापायचे ते ठरवायची. कापले तर बाईंकडे दिवसभर बघायला कुणीच नाही.

तर अशा दिवशी आमच्या शहाणीने काय करावं? सकाळीच बाईंना आंघोळ, इस्त्रीचे कपडे, विंचरलेले केस, पुसलेला चष्मा. आणि खिडकीशी खुर्चीत ताठ बसवलं, जणू फोटोच काढायचाय.

तपासनीसने फॉर्म काढला. स्वतः उठता का, बाथरूमला जाता का, जेवता का? बाईंनी जन्मभर दुसऱ्यांच्या परीक्षा घेतलेल्या, स्वतः नापास होणं माहीतच नाही. दर प्रश्नाला म्हणाल्या, "जमतं." निदान मावशीने तरी गप्प बसावं. पण फुशारकी आडवी आली.

"चालून दाखवा ना, बाई."

भिंत धरून बाई नऊ पावलं चालल्या. दोन वर्षांच्या व्यायामाचं चीज झालं. एवढं चालल्यावर त्या दिवसभर अंथरुणात पडून राहतात, हे फॉर्मवर कुणी विचारलं नाही आणि मावशीलाही सांगायचं सुचलं नाही.

महिन्याने पत्र आलं. रुग्ण बरीचशी स्वावलंबी, आठ तासांचे आता दोन. मुलगा ओरडला नाही, पत्राची घडी घालत राहिला.

"मावशी, इतकं चांगलं कशाला ठेवलंत हो तिला?"

फेरविचाराचा अर्ज केला, पण उत्तराला तीन महिने लागणार होते. तोवर मावशी सकाळी आंघोळ, नाश्ता उरकून, पाणी हाताशी ठेवून दुसऱ्या घरी पळायची. डायपर आहे, उठायचं नाही, असं बजावून जायची. एकदा बाई म्हणाल्या, "कागदावर लिहिलंय ना, मला जमतं म्हणून." मावशी हसली. तिला वाटलं, थट्टा करताहेत.

त्याच दिवशी अकराच्या सुमाराला बाई एकट्या उठल्या. मुलगा सहाला घरी आला तेव्हा त्या बाथरूमच्या दारात पडलेल्या होत्या. खुबा मोडलेला, ओठ कोरडे पडलेले.

आता दहा तास मंजूर झालेत. मावशी उशी लावून हळूच वळवते, तरी बाई कळवळतात. आणि एवढं होऊन वर तिलाच विचारतात, "माझं कुठे चुकलं गं?"

"तुमचं नाही, बाई," मावशी म्हणते. आणि पुन्हा कूस किती वाजता बदलायची, ते मुलासाठी कागदावर लिहून ठेवते.