हेल्पलाइनवर बाबा

गेल्या मंगळवारी अमरावतीच्या ऑफिसात माझा शेवटचा दिवस होता. कंपनी मीच सुरू केलेली, सीईओही मीच... आणि निरोपाचा केकही मीच कापला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कापसाच्या जिनिंग आणि दालमिलच्या वजनकाट्यांना लागणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. राजापेठेत फरसाणच्या दुकानावरच्या एका खोलीत मी एका सोबत्याला घेऊन सुरू केलं, मग माणसं वाढली, गुंतवणूकदार आले आणि मी पुण्याला काचेच्या केबिनमध्ये जाऊन बसलो. आता त्याच गुंतवणूकदारांना माझ्यापेक्षा शहाणा सीईओ सापडलाय. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू... पण ही पोस्ट त्याबद्दल नाही.

अमरावतीत आता फक्त हेल्पलाइनची टीम उरली आहे, तिचा निरोप घ्यायला मी गेलो होतो. एखाद्या मिलचा काटा अडला की फोन तिथे येतो. प्रत्येक फोनचं कॉम्प्युटरवर एक तिकीट बनवायचं, मग फोन कुणाचाही असो, हा नियम माझाच.

केक झाल्यावर पल्लवी जिन्यात थांबली होती. शेंदूरजनाघाटची पोरगी, सहा वर्षं हेल्पलाइनवर आहे. 'सर, दोन मिनिटं' म्हणाली आणि मला तिच्या टेबलापाशी घेऊन गेली.

स्क्रीनवर तिकिटांची लांबलचक यादी होती. ग्राहकाच्या रकान्यात माझ्या बाबांचं नाव... आणि मिलच्या रकान्यात नुसतं 'बार्शीटाकळी'. तो रकाना रिकामा सोडला तर तिकीट बनत नाही, म्हणून तिनं गावाचं नाव टाकलं होतं.

बाबा एसटीतून रिटायर झालेले. आई गेल्यावर बार्शीटाकळीत एकटेच राहायचे आणि मी एकुलता एक. माझ्या मोबाइलवर फोन केला की 'मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो' असा मेसेज आपोआप जायचा. नंतर मी करायचो... कधी दोन दिवसांनी, कधी थेट रविवारी. मग बाबा माझ्या व्हिजिटिंग कार्डावरचा नंबर फिरवायला लागले. तो हेल्पलाइनचा होता, आणि बाबा तिथे फोन करायचे हे मला त्या मंगळवारपर्यंत माहीतच नव्हतं.

मी एकेक तिकीट उघडत गेलो. 'तक्रार: काही नाही. सर जेवले का विचारत होते.' 'तक्रार: काही नाही. सरांचा खोकला बरा आहे का.' दरवेळी पल्लवी पुण्याच्या रिसेप्शनला विचारायची आणि बाबांना उलट फोन करून सांगायची.

मला का नाही सांगितलंस, मी विचारलं.

"बाबाच नको म्हनत, सर. म्हनत, त्याले नको सांगू व माय, कामात असन तो. जेवला का, तेवढं सांग फक्त."

मी हसलो. खरंच हसलो... बाबा समोर उभं राहून बोलल्यासारखं वाटलं. पल्लवी मात्र हसली नाही. तिनं यादीतलं शेवटचं तिकीट उघडलं.

'तक्रार: छातीत भरून येतं. अकोल्याला डॉक्टरकडे जायचं आहे. सर सोबत येतील का.' तारीख दोन वर्षांपूर्वीची, बाबा गेले त्याच्या पाच दिवस आधीची.

हेल्पलाइनवरचं काहीही माझ्यापर्यंत आणायचं नाही, असाही एक नियम होता. तो मोडून तिनं हे तिकीट थेट मला मेल केलं होतं. 'सर, तुमचे बाबा आहेत, अर्जंट.' आणि खाली माझं उत्तर... 'स्टँडर्ड रिप्लाय द्या.'

नियम मोडून कुणी तिकीट पाठवलंच, तर मेल न उघडता, विषयातला नुसता तिकीट नंबर पाहून हे तीन शब्द टाइप करायची मला सवय होती. त्या सवयीचा अभिमानही होता, झटपट काम करणारा माणूस म्हणून. स्टँडर्ड रिप्लाय म्हणजे, 'आपल्या अडचणीची नोंद घेतली आहे, लवकरच संपर्क साधू.'

"ते माह्यानं त्याईले वाचून नाही दाखवल्या गेलं, सर." पल्लवी रडायला लागली होती. "मी खोटं सांगतलं. म्हटलं, सर सोता येऊन राहिले, तुमी तयार राहा. मले वाटलं, तुमी मेल नीट वाचल्यावर जातच असान. मी खोटं नसती बोलली तं ते एकटे तरी गेले असते अकोल्याले."

एक क्षण मला तिचा राग आला. लिहायला लाज वाटते, पण आला... अकोला तिथून आहे किती दूर? कुणीही शेजारी घेऊन गेला असता. मग पुन्हा स्क्रीनकडे लक्ष गेलं, माझ्या उत्तराकडे.

बाबा गेले त्या दिवशी शेजारचे इंगळे काका मला म्हणाले होते, "तुह्या बाबानं तं रोज दाढी करून, फाइल थैलीत टाकून तयारच राहावं. पोरगा येऊन राहिला म्हने. आमी म्हटलं, आमी नेतो, तं आयकलंच नाही." मला वाटलं, शेवटी शेवटी बाबांना भ्रम झाला असेल. दोन वर्षं मी तेच समजत होतो, लोकांनाही तेच सांगत होतो.

पल्लवीनं ही गोष्ट दोन वर्षं एकटीनं सोसली. मी आता चाललो, परत भेट होईल न होईल, म्हणून तिनं धीर केला. तुझी काही चूक नाही, असं मी तिला परत परत सांगितलं. तिला पटलं असं वाटत नाही.

माझं काय ते माझ्यापाशी... ते कुणाला सांगून कमी होणारं नाही. पण पल्लवी, तू हे वाचशील म्हणून लिहितोय. शेवटचे पाच दिवस बाबांना पक्कं माहीत होतं की आपला मुलगा येतोय. ते सुख त्यांना तू दिलंस... मी नाही.