शेठच्या तोंडून आलेला आवाज

अंगात येणं, करणी, उतारा... असलं काही कोणी सांगायला लागलं की मी उठून चहा टाकायला जाते. त्यातून माझा धंदा असा, की दिसतं ते खरं नसतं हे मी रोज स्वतःच्या हातानं करते. त्यामुळे हे लिहायला बसले आहे याचीच मला चीड येते. पण लिहिते.

हिंगोलीत माझं व्हिडिओचं छोटं दुकान आहे. आधी लग्नाचे अल्बम करायचे, आता जाहिराती. कॉम्प्युटरवर एक टूल आहे. त्यात माऊसनं चौकोन ओढून आणायचे आणि एकापुढे एक जोडायचे — नमस्काराचा, नावाचा, फोटोचा, मालाचा. गिऱ्हाइकांची नावं जोडली की प्रत्येकाला त्याच्याच नावाचा वेगळा व्हिडिओ जातो. व्हिडिओ पाहिला आणि दुकानात आला नाही, तर दुसरा. मग तिसरा. हाकललेली माशी परत त्याच ताटावर बसते ना, तसं.

अधिक महिना लागायच्या आधी इथले एक कापड दुकानदार आले. सगळे त्यांना शेठ म्हणतात, मीही तेच म्हणते. त्यांचं म्हणणं असं, की ज्यांनी लेकीच्या लग्नाचा बस्ता त्यांच्याकडे बांधला त्या सगळ्या बापांना व्हिडिओ पाठवायचा. बस्त्याच्या दिवशी ते नवरीसकट सगळ्या घराचा फोटो काढून ठेवतात. तो फोटो मधे घालायचा, आणि पुढं शेठनी यायचं, हात जोडून म्हणायचं, "धोंड्याचा महिना आला, लेक-जावयाला बोलवा. आहेर आमच्याकडून न्या."

शेठचं बोलणं एकदाच रेकॉर्ड केलं. नावं टूल घालतं आणि तोंडही तसं हलवतं. कोणाचं तरी उष्टं चघळत असल्यासारखे ओठ त्या नावाभोवती फिरायचे. शेठना मात्र फार आवडलं.

"म्याडम, बाप रडला पायजे," ते म्हणाले. "रडला की मग भाव करत न्हाई."

त्या बापांमध्ये माझे मामाही होते. मामा नर्सीजवळचे, घरची चांगली शेती. त्यांची सवी, म्हणजे माझी मामेबहीण (ती मामांना दादा म्हणते), कनेरगाव नाक्याच्या पुढं आत एका गावात दिलेली. गावाचं नाव देत नाही. जावयाला मोटरसायकल हवी होती आणि मामा अडून बसले होते. त्यावरून तिचं माहेरी येणं बंद, तिचा फोनही काढून घेतलेला. आमच्याकडे लेकीला आणायला मुराळी पाठवतात. सासरच्यांनी हो म्हटलं तर लेक येते, नाहीतर मुराळी जेवून रिकामा परत येतो. सवीचा मुराळी असाच परत आला होता. मामांनी ठरवलं होतं, धोंड्याला जावई येतील तेव्हा गोडीत बोलू.

मामांचा व्हिडिओ पाठवायच्या आधी मी पूर्ण पाहिला होता. बाकीच्यांसारखाच होता.

पाठवला त्याच्या दुसऱ्या दिवशी भर दुपारी मामा दुकानात आले. चप्पल न काढता सरळ आत.

"माय, हे काहून केलं तू?"

"काय केलं?"

त्यांनी फोन पुढं केला. शेठ आले, हात जोडले, मामांचं नाव घेतलं. मग बस्त्याचा फोटो आला. मधे सवी, हिरवी साडी अंगाला लावून उभी. परत शेठ. त्यांचं तोंड हललं आणि त्यातून सवीचा आवाज आला.

"दादा, मला न्यायला या वो... दादा, मला न्यायला या."

आवाज दबका होता, गोधडीखालून बोलावं तसा. आणि शेठ हसत होते. ते हसू मीच रेकॉर्ड केलेलं, त्यातली सोन्याची दाढसुद्धा मला पाठ. त्या तोंडात सवीचा आवाज...

मी टूल उघडलं. चौकोन तेवढेच होते, त्याच क्रमानं. माझ्याकडचा मामांचा व्हिडिओ लावला, त्यात शेठ आहेराचं बोलत होते. मामांच्या फोनवर लावला, तर सवी. तिचा आवाज माझ्याकडे कुठंच नव्हता. तिच्या लग्नाची शूटिंग दुसऱ्यानं केली होती, आणि तीत बँडशिवाय काही ऐकू येत नाही.

"मी न्हाई टाकलं, मामा."

"मंग कोन टाकलं?"

"ते मागून पाहू. आधी चला तुमी."

निरोप नाही, मुराळी नाही, तसेच गाडी करून निघालो. दारात सासू म्हणाली, "असं न सांगता येतेत का कोणी? धोंड्याला आमी येणारच होतो." जावई बाजेवर मोबाईल पाहत पडला होता, उठलासुद्धा नाही. सवी कडब्याच्या खोलीत होती, बाहेरून कडी घातलेली. शेणाची पाटी आणि तिची जेवायची ताटली शेजारी शेजारी, दोन्हींवर माशा. तिचे दंड माझ्या मनगटाएवढे झाले होते. त्या खोलीचा वास अजून माझ्या नाकातून जात नाही. मामांनी तिला उचललं आणि गाडीत बसवलं.

सासू फाटकापर्यंत आली. "पण मंग जावयाच्या आहेराचं कसं?" म्हणाली. माणसाला लाज किती कमी असू शकते हे मला तिथं कळलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून थोडे दिवस गेले असते तर काही सांगता आलं नसतं. सवी नीट बोलायला लागल्यावर मी विचारलं, तुझं बोलणं कोणी रेकॉर्ड केलं होतं का?

"कोण करीन, ताई? मी रोज म्हणत होते तसं. पण ऐकू गेलं की मारायचे, म्हणून पदराचा बोळा तोंडात धरून म्हणत होते."

शेठपर्यंत गोष्ट पोचलीच. पेढे घेऊन आले. "तो व्हिडिओ द्या ना म्याडम, पुढच्या चौकोनात टाकू. आमच्या जाहिरातीनं लेक वाचली... सगळ्यायला जाऊ द्या." आणि हसले, तेच हसू. मी पेढ्यांचा बॉक्स त्यांच्या हातात परत दिला आणि दार दाखवलं. त्यांचं काम त्याच दिवशी पुसून टाकलं.

आता मामांच्या फोनवर तो व्हिडिओ लावला तर शेठच बोलतात. पण सवीचा आवाज मी ऐकला, मामांनी ऐकला, मामींनी ऐकला. ओळखीच्या एका कॉम्प्युटरवाल्यानं सगळं तपासून 'ग्लिच असेल' असं सांगितलं. ग्लिच म्हणजे काय, ते काही त्याला सांगता आलं नाही.

मलाही येत नाही. पण मध्यंतरी सवी सहज बोलून गेली, की फोन काढून घ्यायच्या आधी तिनं एकदा मामांना लावला होता. हेच म्हणाली होती — दादा, मला न्यायला या. मी मामांना विचारलं.

"व्हय, म्हणली होती," ते म्हणाले. "धोंड्याला पाहू म्हणलं म्या. तवा तेवढं काही वाटलं न्हाई."

दुकानदाराच्या तोंडून ऐकू आलं, आणि लेक स्वतः बोलली तेव्हा आलं नाही. हे कसं, तेही मला कोणी सांगू शकलेलं नाही. सवीला भेटायला मी अजून मामांच्या घरी जाते. पण तिथं पाणी पीत नाही.