बॉनेटवरचं कुंकू

मेहुण्याच्या मुलाचा साखरपुडा होता त्या दिवशी सकाळी मी गाडीला पारदर्शक फिल्म लावायला घेतली. शहाणा माणूस अशा दिवशी दाढी करतो.

गाडी तशी बायकोची. पन्नाशीला टेकल्यावर तिनं लायसन काढलं, गाडी घेतली आणि कळंबला माहेरी सांगून टाकलं की साखरपुड्याला मी चालवत येणार. तिच्या माहेरी बायका गाडीत बसतात, चालवत नाहीत. त्यामुळे हे सांगणं म्हणजे पैजच होती. आठवडाभर ती आमच्या चौक गावापासून कर्जतपर्यंत फेऱ्या मारत होती आणि मी शेजारी बसून नसलेला ब्रेक दाबत होतो.

रंगाला ओरखडा जाऊ नये म्हणून मी ती फिल्म मागवली होती. व्हिडिओ पाहून दरवाजे छान जमले, तेव्हा डोक्यात हवा गेली. राहिलं फक्त बॉनेट. त्यावर पूजेच्या दिवशी बायकोनं स्वतःच्या बोटानं कुंकवाचं स्वस्तिक काढलेलं. आमच्याकडे ते पुसत नाहीत, आपोआप जाईल तेव्हा जाऊ देतात. मी म्हटलं, जाईल कशाला? वरून फिल्म लावू, कुंकू जन्मभर राहील. या कल्पनेवर मी इतका खूश झालो की अंगणात एकट्यानंच मान डोलावली.

आता ही फिल्म लावतात साबणाच्या पाण्यावर. खाली भरपूर पाणी मारायचं, वर फिल्म पसरायची आणि रबरी पट्टीनं पाणी बाहेर ओढायचं. ओल्या कुंकवाचं काय होतं हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मला ते पट्टीचा पहिला हात मारल्यावर आठवलं. स्वस्तिकाचे चारही पाय लांब झाले, मग विरघळले, आणि गुलाबी ओघळ पांढऱ्या बॉनेटभर पसरले. मी घाबरून उलटसुलट पट्टी मारली. बुडबुडे आले, बुडबुड्यांत कुंकू जमलं.

शेजारच्या खळ्यावर भाताची झोडणी चालू होती. तिथली काकू कुंपणापाशी येऊन बराच वेळ बघत राहिली.

"गाडीला कांजन्या आल्यात काय रं?"

मी म्हटलं, काकू, आत्ता नको. ती म्हणाली, "मंग लिंबाचा पाला टाक, दुसरा उपाय नाय," आणि झोडणीला गेली.

मी फिल्म सोलायला घेतली. ती ताणली, फाटली, आणि तिचा गोंद बॉनेटवरच राहिला. तेवढ्यात खळ्यावरून वारा सुटला. भाताचा सगळा भुसा त्या गोंदावर येऊन बसला. आता तिथं गुलाबी, चिकट, केसाळ असं काहीतरी होतं. मी हातानं काढायला गेलो तर हातालाही भुसा. रडावं की पळावं, एवढाच प्रश्न होता, आणि पळायला माझी जुनी मोटरसायकल तेवढी होती.

बायको नेसून बाहेर आली. मी तोंड उघडायच्या आत तिनं सगळं पाहिलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती आत गेली, खोबरेलाची बाटली आणि माझा नवा बनियन घेऊन आली, पदर खोचला आणि चोळायला लागली. मीही दुसऱ्या बाजूनं लागलो. अर्धा गोंद सुटला. गुलाबी डाग हलेना. वर तेलाचा तवंग चढला. तिकडे मुहूर्ताची वेळ जवळ येत होती.

मी हळूच सुचवलं की मोटरसायकलवर जाऊ, गाडी सर्व्हिसिंगला दिलीय म्हणून सांगू.

तिनं बनियन माझ्या खांद्यावर टाकला. "तुम्ही या मोटरसायकलवर. मी गाडी नेते."

"अशी?"

"अशीच."

कर्जत गेलं, नेरळ गेलं, मी तिच्या मागं धूळ खात. एका चढावर गाडी बंद पडली आणि माझ्या दिशेनं घरंगळू लागली. मी देवाचं नाव घेतलं. तिनं ब्रेक मारला, पुन्हा चालू केली आणि निघून गेली.

माहेरच्या अंगणात वळसा घालून, गाडीचं तोंड फाटकाकडे करून ती उतरली तेव्हा गप्पा थांबल्या. सगळे बॉनेटकडे बघत होते. एका वहिनीनं तोंडाला पदर लावला. मी मागून पोचलो आणि माझी कबुली जुळवू लागलो, म्हणजे हे सगळं मीच कसं केलं, तिचा काही दोष नाही वगैरे. पण फाटकाबाहेर जेवणाचा टेंपो येऊन हॉर्न देऊ लागला. मेहुणा धावत आला. सवयीनं त्याची नजर आधी माझ्याकडे गेली. मी हात वर केले. मग तो बहिणीकडे वळला.

"ताई, गाडी जरा मागं घे गं. टेंपो आत यायचाय."

ती परत आत बसली. पाहुणे भिंतीला सरकले. तिनं मान वळवून मागं पाहिलं आणि तुळशीला धक्का न लावता गाडी थेट गोठ्यापर्यंत नेली.