ओठाला भोक नसलेला मासा

माझा नवरा दोह्यात मासे पकडायला शिकला, आणि त्याचं ते शिकणं मी मोडून टाकलं. हे कबूल करायला मला वीसेक वर्षं लागली, आणि अजूनही मी ते फक्त कागदावर करते आहे. घरात कुणाला सांगितलेलं नाही.

आम्ही दोघं वसईचे, दोघं ख्रिस्ती, पण सारखेपणा तेवढाच. माझं माहेर समुद्रावरचं, कोळ्यांचं. बापाची बोट होती. आई बाजारात मासळी घेऊन बसायची आणि सात वर्षांची असल्यापासून मी तिच्या शेजारी. त्याचं घर आतल्या बाजूचं, वाडीवाल्यांचं. केळी, पानवेली, मोगरा. लग्न ठरायच्या आधी त्याच्या आईने माझा हात हातात घेतला. मला वाटलं कौतुकाने. तिने तो नाकाशी नेला, वास घेतला आणि माझ्या मांडीवर परत ठेवला. तो शेजारीच बसला होता. त्याने खिडकीबाहेर पाहिलं. तो मला आवडत होता म्हणून लग्न मी तरीही केलं, पण ती खिडकी मी विसरले नाही.

नर्स म्हणून मी आधी एकटी दोह्याला आले. दोन वर्षांनी त्याची वसईतली कंपनी बंद पडली, तेव्हा मुलीला घेऊन तोही आला, माझ्या व्हिसावर. त्याच्या पासपोर्टवर शिक्का होता, काम करायची परवानगी नाही. अल मुंतझा भागातल्या आमच्या दोन खोल्यांत तो स्वयंपाक करायचा, मुलीचा डबा भरायचा, माझा युनिफॉर्म इस्त्री करायचा. तक्रार एका शब्दाची नाही. मी तक्रार ऐकायला कंबर कसून बसलेली असायचे आणि ती यायचीच नाही, म्हणून मला त्याचा आणखी राग यायचा. शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय लिहायचा होता. मी तिथे एक आडवी रेघ मारली. तो फॉर्म शाळेत नेऊन द्यायचं काम त्याचंच होतं, त्यामुळे ती रेघ त्याने पाहिली असणारच.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तो गल्लीतल्या इंटरनेट कॅफेतून आठ-दहा पानं छापून घेऊन आला. कुणा अमेरिकन माणसाने नवशिक्यांसाठी लिहिलेलं, घराजवळच्या तळ्यांत मासे पकडायला सुरुवात कशी करावी. तळ्यांत! त्या वाळवंटात तळं कुठून आणणार होता, देव जाणे.

"पाणी ते पाणी," तो म्हणाला.

त्याने लाल पेनाने रेघा मारल्या होत्या. आधी लहान माशांपासून सुरुवात करा. गळ बारीक घ्या. झाडाच्या सावलीत, गवताच्या कडेला दोरी टाका. लहान मासा पाण्यात सोडून द्या, तो उद्या मोठा होईल. माशाने गळ गिळला असेल तर ओढाताण करू नका, गळ आतच राहू द्या आणि दोरी कापा. मी ती पानं वॉर्डमधल्या मोठ्या सिस्टरला फोनवरून वाचून दाखवली आणि आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो. तो त्याच खोलीत माझी टोपी कडक करत होता.

स्वस्तातला एक रॉड आला. जांभळ्या रंगाचे रबरी गांडूळ आले. समुद्रातल्या माशाने जन्मात गांडूळ पाहिलं नसेल, हे मी त्याला सांगितलं नाही. महिनाभराने त्याचं त्यालाच कळलं आणि तो कोळंबी लावायला लागला. तिथे सुट्टी शुक्रवारची. दर शुक्रवारी चर्चमध्ये मिस्सा झाला की तो कॉर्निशच्या समुद्राकाठच्या रस्त्यापुढे धक्क्याच्या दगडांवर जाऊन बसायचा, कधीकधी मुलीलाही न्यायचा. पहिल्यांदा मासा लागला तेव्हा ती जिन्यातूनच ओरडत आली.

"मम्मा, पप्पा कॉट वन! पण ही लेट इट गो, बिकॉज इट वॉज अ बेबी."

"माझ्या बापाने समुद्रात परत टाकलेला एकच मासा मला आठवतो," मी म्हटलं, "तो कुजलेला होता."

नवरा हसला. त्याला वाटलं मी गंमत करतेय.

मग मुलीने शाळेत निबंध लिहिला, माय फादर इज अ फिशरमन. टीचरने वर तारा काढला. त्याने तो कागद फ्रिजवर लावला, आणि दूध काढायला दार उघडलं की आधी तो वाचायचा. त्या घरात त्याच्या नावावर असलेली ती एकच गोष्ट होती, हे मला दिसत होतं. आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जात होती. फिशरमन माझा बाप होता. दोरीने कापलेल्या त्याच्या तळव्यांवर मीठ बसलेलं असायचं. त्याच्या बोटीवर मी एकदाही पाय ठेवला नाही, कारण बाईने बोटीवर चढायचं नसतं. मी फक्त विकायचं. आणि हा केळीवाला, हातात खेळण्यातला रॉड घेऊन, माझ्या मुलीच्या वहीत फिशरमन झाला होता.

म्हणून दर शुक्रवारी तो रिकाम्या हाताने आला की मी दारातच विचारायचे, "आज किती किलो हवा पकडलीस?" मुलगी सुरुवातीला नुसती बघायची. नंतर तीही हसायला लागली. ती हसायला लागल्यावर आठवडाभरात तो दोन शेरी घेऊन आला.

शेरी म्हणजे तिथला राखी रंगाचा मासा, अंगाने आपल्या तांबोशीसारखा. मुलगी नाचली. मी मासे सिंकवर घेतले आणि एका नजरेत सगळं कळलं. डोळा बसलेला. कल्ले तपकिरी. डोक्यामागे जाळ्याच्या दोरीचा वळ. आणि ओठ धड. गळाला लागलेल्या माशाच्या ओठाला भोक असतं, हे मला आईने सातव्या वर्षी दाखवलं होतं. हे मासे त्याने मासळीबाजारातून आणले होते, बर्फातले. कोळ्याच्या पोरीला बाजारातला मासा आणून 'मी पकडला' म्हणून सांगायचं, हे सुचायला वाडीवालाच हवा.

मी काही बोलले नाही. पुढचे तीन शुक्रवारही नाही. मला दया आली होती असं कुणी समजू नये. मी ते ठेवून दिलं होतं, वेळेला काढायला.

वेळ आली ती उपवासकाळात. ईस्टरच्या आधीचे ते शुक्रवार आमच्याकडे मांस चालत नाही, मासा लागतो. मोठी सिस्टर आणि तिचा नवरा यांना त्याने स्वतः जेवायला बोलावलं. "मी पकडून आणतो," म्हणाला. ते दोघं वाडीवाल्यांतलेच, त्याच्या आईच्या नात्यातले. त्या दिवशी मिस्सालाही न थांबता तो उजाडताना निघाला आणि अकराला आला, तेव्हा पाहुणे येऊन बसले होते. नाक उन्हाने सोललेलं, पँट गुडघ्यापर्यंत ओली, एका बोटाला रुमाल गुंडाळलेला. त्याने टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि पिशवीतून एक शेरी काढून ठेवला. कोपरापासून बोटांपर्यंत भरेल एवढा.

मुलगी खुर्चीवरच चढली. आणि हा बोलायला लागला. दोरी कशी अचानक जड झाली, मासा दगडात कसा घुसला, याने दोरी सैल सोडून कशी वाट पाहिली. एवढं सलग बोलताना मी त्याला लग्नात पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

"काय गो," सिस्टर मला म्हणाली, "तुझ्या माहेरची बोट आता हाच चालवणार वाटतं!"

"वाडीवाल्याने कोळ्यांचं नाक कापलं," तिचा नवरा म्हणाला आणि टाळीसाठी हात पुढे केला. माझ्या नवऱ्याने टाळी दिली.

ती टाळी माझ्या कानाखाली बसली. मी मासा उचलला. कल्ले लालभडक होते. ते मी पाहिलं, ते लपवत नाही. मला वाटलं, आज पाहुण्यांसाठी सकाळच्या बोटीचा ताजा घेतलाय. चार माणसांत मी त्याला नेहमी अहो म्हणायचे. त्या दिवशी म्हटलं नाही.

"अरे, इकडे ये," मी म्हटलं. दोन बोटांनी माशाचा ओठ फाकवून सगळ्यांसमोर धरला. "गळाने पकडलेल्या माशाच्या ओठाला भोक असतं. दाखव मला. कुठंय?"

"अगं, तो गळ..."

"कुठंय?"

"ऐकून तर घे, त्याने..."

"चार शुक्रवार बाजारातला मासा आणून आम्हाला खाऊ घालतोयस. पहिल्या दिवशीच कळलं होतं मला. म्हटलं, बघू तरी किती दिवस करतो. निदान पोरीला तरी फसवू नकोस."

मग सिस्टरचा नवरा मांडीवर थाप मारून हसला. "खलास! मासा नाही, माणूस पकडला गेला!" सिस्टरही तोंडावर पदर धरून हसली.

मुलगी खुर्चीवरून खाली उतरली. "पप्पा, यू बॉट इट?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. नाही म्हणायला त्याने तोंड उघडलंही, पण चार शुक्रवारांचं तर खरंच होतं. "आधीचे," तो म्हणाला. एवढंच. ते कुणी ऐकलं नाही. मी ऐकलं.

मला त्या क्षणी बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. माझा हात नाकाशी नेला होता त्या दिवसापासून मी ज्याची वाट पाहत होते ते मिळाल्यासारखं वाटलं. मी मासा घेऊन स्वयंपाकघरात गेले, खवले काढले, पोटाला सुरी लावली. आतडी बाहेर ओढताना अंगठ्याला काहीतरी टोचलं.

गळ होता. पोटात खोलवर रुतलेला, आणि त्याला बोटभर दोरी, टोकाला सरळ कापलेली. माशाने गळ गिळला असेल तर ओढाताण करू नका. मीच वाचलं होतं ते, हसत हसत.

बाहेरच्या खोलीत ते अजून त्याची फिरकी घेत होते. सिस्टरचा नवरा विचारत होता, रबरी गांडूळ लावून बाजारवाल्याला कसं गटवलं म्हणून. माझ्या हातात गळ होता आणि खोली दहा पावलांवर. तळहातावर ठेवून नेला असता आणि मुलीपुढे धरला असता तर बास होतं. तोंडाने काही म्हणायचीही गरज नव्हती. मी नळ सोडला, गळ धुतला, टिश्यूत गुंडाळला आणि खुंटीवरच्या युनिफॉर्मच्या खिशात टाकला. मग माशाला हळद-मीठ लावलं.

सगळ्यांनी तारीफ केली. तोही जेवला. त्याने काटे काढून मुलीच्या ताटात तुकडा ठेवला, तर तिने ताट सरकवलं. "आय डोन्ट वॉन्ट," म्हणाली.

पाहुणे गेल्यावर मी भांडी घासत होते. तो फडकं घेऊन शेजारी येऊन उभा राहिला. माझ्याकडे न बघता त्याने विचारलं, "पोटात काही मिळालं?"

तो काय विचारतोय ते मला कळत होतं, आणि मला कळतंय हे त्याला कळत होतं. भांडणाशिवाय खरं सांगता यावं म्हणून त्याने माझ्यासाठी दार उघडं ठेवलं होतं.

"घाण," मी म्हटलं. "दुसरं काय असणार?"

"बरं," तो म्हणाला, आणि ताटं पुसायला लागला.

दुसऱ्या दिवशी फ्रिजवरचा निबंध नव्हता. मुलीने काढला होता. रॉड त्याने खालच्या मजल्यावरच्या कुणाला तरी देऊन टाकला. आठ दिवसांत गोष्ट वसईला पोचली आणि त्याच्या आईचा फोन आला. मी शेजारीच उभी होते. ती काय विचारत होती ते ऐकू येत नव्हतं, पण याचं उत्तर आलं. "हो आई, बाजारातलाच होता." त्या वेळी खिडकीबाहेर बघण्याची पाळी माझी होती.

आता आम्ही वसईला परत आलो आहोत. मुलीचं लग्न झालं. नवे पाहुणे जेवायला आले आणि ताटात मासा असला की ती ही गोष्ट सांगतेच, आता मराठीत, चांगली रंगवून. ओठ फाकवून दाखवायची माझी नक्कल तिला छान जमते. सगळे पोट धरून हसतात. तोही हसतो. हसून झालं की तो एकदा माझ्याकडे बघतो. रागाने नाही. नुसता बघतो आणि थोडा थांबतो.

गळ माझ्या कपाटात आहे, हॉस्पिटलच्या जुन्या बॅजच्या डबीत. बोटभर दोरी अजून तशीच आहे. तो थांबलेला असतो तेवढ्यात मी उठते आणि भात वाढायला घेते.