दोन कोनशिलांचं भवन

बातमीदारीत केस पांढरे झाले. छापून आलेल्या बातम्यांपेक्षा डेस्कवर कापलेले किस्सेच जास्त साठलेत! जत तालुक्यातल्या आमच्या गावात ख्रिस्ती भवन बांधायला घेतलं, तेव्हा तर ढीग लागला. उपसंपादक म्हणायचा, "एकोप्याच्या बातमीत भांडण कशाला?"

अरे, भांडण होतं म्हणून तर भवन झालं!

गावात मंडळ्या, म्हणजे चर्चं, दोन. जुनीचे पुढारी फौजेतून रिटायर झालेले याकोबआण्णा, नवीचे मेंढरंवाले शिलासबापू. लग्न असो की मयतीची प्रार्थना, दोन्हीकडची माणसं उन्हात बसायची. म्हणून दोघांचं मिळून एक भवन ठरलं. दोघांनी मिळून ठरवलेली ती शेवटची गोष्ट!

*

कोनशिला कोण बसवणार? आण्णा हटेनात, बापू हटेनात. शेवटी दोन कोपऱ्यांत दोन बसल्या. गवंड्यानं थापी खाली ठेवली. "आवं आण्णा, मधी भिंत घालायची न्हाई, एवढं तरी नक्की हाय न्हवं?"

*

मदतीसाठी मी बातमी दिली. सोबतचा दोघांचा फोटो डेस्कनं कापला. दुसऱ्या दिवशी बापू सांगलीच्या ऑफिसात हजर.

"आण्णाच्या मिशीचं टोकसुदिक आलंय, आन् माजा निस्ता कान?"

"बापू, जागा कमी होती."

"मग मिशी कापायची!"

*

महाबळेश्वरच्या एका हॉटेलवाल्यानं आण्णांना जुन्या खुर्च्या दिल्या. कळल्याबरोबर बापूही तिथं पोचले.

हॉटेलवाला म्हणाला, "अहो, तुमच्या भवनाला कालच दिल्या की!"

"भवन एकच हाय. पर आमी त्यांच्या खुर्चीवर बसनार न्हाई!"

खुर्च्या दुप्पट आल्या.

*

आता माझं ऐका. मदत आली ती माझ्या बातम्यांवर. सत्कार कुणाचा? साताऱ्याच्या एका बातमीदाराचा. तो आला एकदा, तेही जेवायला! शाल, नारळ, हार, सगळं त्याला. मी आण्णांना गाठलं.

"तुमी घरचं माणूस," ते म्हणाले. "घरच्याला कसली शाल?"

"मग घरच्याला ताट तरी वाढा."

"थांबा की गड्या, पाव्हन्यांचं होऊ दे!"

*

भिंती झाल्या, स्लॅब अडला. पैसे न जमल्यास ठेकेदार सळ्या उचलून जाणार होता. सगळी भिस्त हंगामाच्या सणावर. त्या दिवशी लोक शेतातलं पीक वेदीपुढे आणतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो.

आण्णांच्या मार्थाकाकूंनी भलाथोरला भोपळा आणला होता. पाळकबाईंनी तो उचलताच बापूंनी बोली लावली. घरचा भोपळा बापूंच्या हाती जाणार? आण्णा उठले. बोली एवढी चढली की त्यात शेळी आली असती! शेवटी आण्णांच्या मुलानं बापाचा सदरा ओढून त्यांना खाली बसवलं.

बापूंनी भोपळा डोक्यावर घेऊन मांडवाला फेरी मारली आणि स्वयंपाकाला दिला. "शिजवा! आण्णाच्या रानचा भोपळा आज मी समद्यांस्नी खायाला घालतो!"

स्लॅबचं भागलं. पंगत बसली. मार्थाकाकू वाढत होत्या, मागोमाग बापूंच्या रूथबाई भाकरी घेऊन. बापूंनी बोटं चाटली आणि आण्णांना ऐकू जाईल असं म्हणाले, "वैनी, तुमच्या रानचा भोपळा लय ग्वाड हाय!"

"तुमच्याच रानचा हाय, भावजी. काल रूथनंच बांधावरनं दिला. अजून वाढू? फरशीचं पैसं ऱ्हायल्यात."